आरपार : काचेच्या म्हाकुळाची दोनशे वर्षं

मिरकरवाड्याच्या बंदरावर म्हाकूळ कसं निवडायचं हे मला एका मावशींनी शिकवलं. मी नवखा, पांढरंशुभ्र दिसणारं उचललं. त्यांनी ते माझ्या हातातून काढून घेतलं आणि पाटीच्या तळाशी हात घालून दुसरं काढलं. त्याच्या अंगाचा पापुद्रा आपल्या अंगठ्याच्या नखावर धरला. "मास्तर, नख दिसतंय ना आरपार? म्हणजे ताजं. पांढरं झालं की समजायचं, मरून वेळ झाला."

मी इतिहास शिकवणारा माणूस. प्राणिशास्त्राशी माझा संबंध बाजारापुरता. पण जुन्या सागरी मोहिमांची वर्णनं वाचायचा नाद आहे आणि त्या वाचनात एक प्राणी मला अधूनमधून भेटत राहिला. इंग्रजीत त्याला ग्लास स्क्विड म्हणतात. आपण काचेचं म्हाकूळ म्हणू. बाजारातलं म्हाकूळ ताजं असताना जेमतेम अर्धपारदर्शक असतं. हे मात्र खरोखर काचेसारखं. खोल पाण्यात ते पुढ्यात असलं तरी दिसू नये इतकं स्वच्छ. याच्या साठेक जाती आहेत. काही बोटाएवढ्या, आणि एक जवळजवळ अर्ध्या टनाची. या प्राण्याच्या शोधाचा इतिहास वाचताना मला मावशींचं नख पुन्हा पुन्हा आठवत राहिलं. कारण जवळजवळ दोनशे वर्षं शास्त्रज्ञांच्या टेबलावर आलं ते सगळं मावशींच्या भाषेत शिळं होतं. ज्या गुणावरून या प्राण्याला ओळखायचं, तो गुण मेल्याबरोबर नाहीसा होतो. स्पिरिटच्या बरणीत पडलं की मांस गोठतं, धुरकटतं, पांढरं होतं. म्हणजे जी विद्या नमुन्यांवर उभी आहे, तिला नमुना मिळेपर्यंत मुख्य गोष्ट हातातून गेलेली असते.

या गोष्टीत पहिला येतो तो एक चांभार.

जॉन क्रँच १७८५ साली इंग्लंडमधल्या एक्सेटरला जन्मला. बाप लहानपणीच वारला आणि काकाने त्याला बूट शिवण्याच्या धंद्याला लावलं. पुढे डेव्हन परगण्यातल्या किंग्जब्रिज या गावी त्याने स्वतःचं दुकान घातलं. शाळा नाही, गुरू नाही. पण किडे, शिंपले, खेकडे गोळा करण्याचं वेड जबरदस्त. कारागिरांच्या हाती काम सोपवून हा किनारे धुंडाळत फिरायचा, मच्छीमारांच्या होड्यांतून जायचा, त्यांनी जाळ्यातून फेकून दिलेलं उचलून आणायचा. घराचं एक लहानसं संग्रहालयच झालं होतं. ब्रिटिश म्युझियममधला प्राणिशास्त्रज्ञ विल्यम एल्फर्ड लीच याने ते पाहिलं आणि चाट पडला. पुढे लीचने त्याला म्युझियमसाठी प्राणी गोळा करण्याच्या कामावर घेतलं आणि दुकान मागे पडलं.

१८१६ साली ब्रिटिश आरमाराने कॅप्टन जेम्स टकीच्या हाताखाली एक मोहीम काँगो नदीकडे पाठवली. नायजर आणि काँगो या एकच नद्या आहेत का, हा तेव्हाचा मोठा प्रश्न होता. लीचच्या शिफारशीवरून क्रँच या मोहिमेचा प्राणिसंग्राहक झाला. आफ्रिकेच्या पश्चिमेला, गिनीच्या आखातात जहाज संथ चाललं असताना तोंडाला कडं लावलेली कापडी पिशवी पाण्यात सोडून मागे ओढत नेत. आज समुद्रशास्त्राचा पहिल्या वर्षाचा विद्यार्थी जे प्लँक्टनचं जाळं वापरतो, त्याची ही आजीच म्हणायची. रात्री समुद्र चमकत असताना त्या पिशवीत कायकाय यायचं. त्यात एक दिवस एक छोटा, फुगीर, जेमतेम मुठीत मावणारा प्राणी आला. डोकं आणि हात इवलेसे, मागे गोल पिशवी, आणि पिशवीच्या कातडीवर बारीक खरखरीत टेंगळं.

क्रँचने तो ताजा पाहिला असणार. पिशवीतून काढून बादलीत टाकताना त्याच्या अंगातून बादलीचा तळ दिसला असणार. डोळे आणि आतला एक चकाकता दांडा सोडला तर बाकी पाणीच आहे असं त्याला वाटलं असणार. 'असणार' असं मी तीनदा लिहिलं, कारण क्रँचला ते सांगायला सवड मिळाली नाही. काँगोच्या काठावर तापाने मोहिमेची दैना झाली. सप्टेंबर १८१६ मध्ये क्रँच गेला, जेमतेम तिशीचा. नॉर्वेचा वनस्पतिशास्त्रज्ञ क्रिस्टेन स्मिथ गेला, ऑक्टोबरच्या सुरुवातीला टकी गेला. शास्त्रीय मंडळींपैकी वाचला तो लॉकहार्ट नावाचा बागेतला माळी. नायजर आणि काँगोचा प्रश्न सुटला नाहीच.

बरण्या मात्र लंडनला पोचल्या. लीचने त्या उघडल्या आणि १८१७ साली त्या खरखरीत कातडीच्या प्राण्याचं वर्णन प्रसिद्ध केलं. मित्राची आठवण म्हणून प्रजातीला नाव दिलं क्रँशिया, आणि जातीला स्काब्रा, म्हणजे खरखरीत. लीचला नावं ठेवण्याची हौसच होती. कॅरोलाइन या नावाच्या अक्षरांची उलटापालट करून त्याने किड्याखेकड्यांच्या कितीतरी प्रजातींची नावं पाडली आहेत. पण क्रँशिया हे नाव त्याने गमतीने दिलं नव्हतं, आणि ते टिकलंही सर्वांत जास्त. पुढे १८४७ मध्ये त्या प्रजातीवरून सगळ्या कुळालाच क्रँचिइडी हे नाव मिळालं. काचेच्या सगळ्या म्हाकुळांचं आडनाव आज एका चांभाराचं आहे. लीच स्वतः पुढे काही वर्षांत अतिश्रमाने मनाने खचला, म्युझियमची नोकरी सुटली, आणि १८३६ साली इटलीत पटकीने गेला.

मला इथे थोडं थांबावंसं वाटतं. जगातल्या पारदर्शक प्राण्यांपैकी एका अप्रतिम प्राण्याचं पहिलं शास्त्रीय नाव 'खरखरीत' पडलं. ते चूक नाही. टेंगळं खरोखरच आहेत. पण ज्याने प्राणी पाहिला तो मेला आणि ज्याने नाव दिलं त्याच्यासमोर बरणी होती. स्पर्श उरला होता, रूप गेलं होतं.

आता या प्राण्याचं अंग कसं असतं ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही उलगडणार नाही.

कुठल्याही म्हाकुळाचं बाहेरचं अंग ही एक स्नायूंची पिशवी असते. प्राणिशास्त्रात तिला प्रावार म्हणतात. पिशवीच्या तोंडाशी डोकं, डोक्याला आठ हात आणि दोन लांब सोंडा, खाली एक नरसाळं. पिशवीत पाणी घ्यायचं आणि नरसाळ्यातून जोरात सोडून उलट दिशेला सुटायचं, ही म्हाकुळाची धाव. काचेच्या म्हाकुळात प्रावार मानेशी आणि नरसाळ्याच्या दोन्ही बाजूंना डोक्याला कायमचा चिकटलेला असतो. एवढ्या खुणेवरून हे कूळ ओळखता येतं. आणि पिशवीच्या आत बहुतेक सगळी जागा एका प्रचंड कोठडीने व्यापलेली असते. कोठडीत स्वच्छ द्रव. यकृत, आतडी, कल्ले हे सगळे जणू नंतर आलेल्या भाडेकरूंसारखे कोपऱ्यात दाटीने राहतात.

ही कोठडी कशासाठी, हे कळायला १९६९ साल उजाडावं लागलं. एरिक डेंटन, जॉन गिल्पिन-ब्राउन आणि त्यांचे सहकारी शॉ यांनी त्या द्रवाचं पृथक्करण केलं. प्राण्याच्या एकूण वजनाचा सुमारे दोन तृतीयांश भाग हा द्रव भरतो असं त्यांना आढळलं. चवीला खारट खरा, पण समुद्राचं मीठ नव्हे. सोडियमच्या जागी त्यात बहुतांशी अमोनियम होतं. सोडियमचा अणुभार २३, अमोनियमचा १८. म्हणजे समुद्राच्या पाण्याइतकाच खारा असूनही हा द्रव त्याच्यापेक्षा हलका. आपण ज्याला टाकाऊ म्हणतो, लघवीच्या वासाशी ज्याचं नातं जोडतो, तो अमोनिया हा प्राणी फेकून देत नाही. आम्लधर्मी द्रवात बांधून साठवतो आणि त्यावर तरंगतो. पोहण्याची मेहनत न करता खोल पाण्यात जागच्या जागी लटकून राहायचं, हे याचं जगणं. कोठडीला भोक पाडलं की द्रव वाहून जातो आणि प्राणी बुडतो. टेबलावर चोळामोळा झालेली पिशवी दिसते ती यामुळेच. डेंटनची प्रयोगशाळा होती प्लिमथला. तिथून किंग्जब्रिज काही फार दूर नाही, दोन्ही डेव्हनच्या एकाच किनाऱ्यावर. ज्या किनाऱ्यावरच्या चांभाराचं नाव या कुळाला मिळालं, त्याच किनाऱ्यावर दीडशे वर्षांनी त्याच्या पोटातलं पाणी काय आहे ते कळलं. (जाता जाता खवय्यांसाठी: या अमोनियामुळे यातलं काहीही खाण्याजोगं नसतं. मिरकरवाड्यावर ते आलं तरी विकलं जाणार नाही.)

पारदर्शक व्हायचं तर दोन गोष्टी आड येतात. डोळा पारदर्शक करता येत नाही, कारण ज्यातून प्रकाश आरपार जातो त्याला दिसत नाही. पडद्याने प्रकाश पकडायलाच हवा. आणि पोट पारदर्शक करून भागत नाही, कारण गिळलेलं भक्ष्य पारदर्शक नसतं. यावरचे दोन उपाय ऐकण्यासारखे आहेत. डोळ्याच्या खालच्या अंगाला प्रकाश देणारे अवयव असतात. खालून वर पाहणाऱ्या शिकाऱ्याला डोळ्याची काळी सावली दिसू नये म्हणून ते वरून झिरपणाऱ्या उजेडाइतकाच मंद उजेड खाली सोडतात. आणि यकृत, तो मघाचा चकाकता दांडा, लांबट सुईसारखा असतो. म्हाकूळ आडवं असो की तिरकं, हा दांडा उभाच राहतो. उभ्या सुईची सावली ठिपक्याएवढी पडते, आडव्या सुईची सुईएवढी. एवढंच गणित.

आणखी एक गोष्ट. स्नायूंची पिशवी जोराने उघडझाप करायची नाही, तर श्वास कसा घ्यायचा? माल्कम क्लार्क या इंग्रज शास्त्रज्ञाने १९६२ साली जिवंत क्रँशिया स्काब्रा पाहून ते लिहिलं. आतल्या कोठडीचा पडदा लाटेसारखा हलतो आणि त्या लाटेने पाणी कल्ल्यांवरून पुढे सरकतं. क्रँचने १८१६ साली ज्या जातीला बादलीत टाकलं, तिचा श्वास पाहून कोणीतरी लिहून ठेवायला दीडशेच्या आसपास वर्षं गेली. क्लार्कचं नाव लक्षात ठेवा, त्याच्याकडे परत यायचं आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी खोल समुद्र खरवडायची टूम निघाली. आपल्याकडचं 'इन्व्हेस्टिगेटर' हे सर्वेक्षण जहाज त्यातलंच. १८८१ साली ते मुंबईच्या गोदीत बांधलं गेलं. किनाऱ्यांचे नकाशे काढणं हे त्याचं काम, पण आल्फ्रेड अल्कॉकसारखे डॉक्टर त्यावर निसर्गतज्ज्ञ म्हणून असत आणि फावल्या वेळात खोलवर जाळी सोडत. त्यातून वर आलेले प्राणी कलकत्त्याच्या इंडियन म्युझियममध्ये जात. तिथल्या म्हाकुळवर्गीय नमुन्यांवर १८९६ साली ऑक्सफर्डच्या एडविन गुडरिचने अहवाल लिहिला, आणि त्यात एका काचेच्या म्हाकुळाला नवं नाव दिलं, टाओनियस अबिसिकोला. आज ते मेगॅलोक्रँशिया या प्रजातीत मोडतं. म्हणजे तिथेही क्रँच आलाच. मुंबईत बांधलेलं जहाज, कलकत्त्याची बरणी, ऑक्सफर्डचा शास्त्रज्ञ आणि डेव्हनच्या चांभाराचं नाव. साम्राज्याच्या काळातली विद्या अशी फिरत असे.

जर्मनांची 'वाल्दिव्हिया' मोहीम १८९८-९९ साली निघाली. तिचा प्रमुख लाइपझिगचा कार्ल खुन. काचेच्या म्हाकुळांवर त्याने केलेलं काम फार मोठं आहे. दक्षिणेच्या बर्फाळ समुद्रातल्या एका जातीला त्याने १९०६ मध्ये नाव दिलं क्रिस्टॅलोट्यूथिस ग्लासिआलिस, हिमनदीचं स्फटिक-म्हाकूळ. इथे नावात पारदर्शकता आली. पण याच काळात एक घोळही वाढला. या कुळातल्या पिल्लांचे डोळे देठांवर असतात. डोक्याच्या दोन बाजूंना दोन दांड्या, दांड्यांच्या टोकाला डोळे. मोठं होताना देठ आखूड होत जातात, अंगाची ठेवण बदलते, आणि प्राणी हळूहळू अधिक खोल पाण्यात उतरतो. पिल्लू वरच्या थरात सापडलं, मोठं खालच्या थरात, आणि दोन्ही मेलेली, वाळलेली, पांढरी. शास्त्रज्ञांनी त्यांना वेगळी नावं दिली. एकाच जातीची दोन-तीन नावं आणि एका नावाखाली दोन-तीन जाती, असा कारभार बरीच दशकं चालला. मायामीच्या नॅन्सी व्हॉस यांनी १९८० साली सगळ्या प्रजातींची फेरमांडणी केली तेव्हा तो बराचसा निस्तरला.

आता मोठ्याकडे वळतो.

१९२४-२५ च्या हिवाळ्यात फॉकलंड बेटांजवळ एक स्पर्म व्हेल मारला गेला. दक्षिण समुद्रात तेव्हा व्हेलच्या शिकारीचा धंदा भरभराटीला होता. तेल काढायला व्हेल चिरत, आणि पोटातून जे निघे ते समुद्रात जाई. या व्हेलच्या पोटातून मात्र दोन हातांचे झुबके कोणीतरी बाजूला ठेवले. झुबके म्हणजे डोक्याजवळचा भाग आणि त्याला चिकटलेले हात. बाकी अंग पचून गेलेलं. हॅमिल्टन नावाच्या निसर्गतज्ज्ञामार्फत ते लंडनला आले आणि ब्रिटिश म्युझियमच्या गाय रॉब्सनने १९२५ मध्ये त्यांवर एक निबंध लिहिला. त्या हातांवर चूषकांच्या दोन टोकांच्या रांगांमध्ये, बरोबर मधल्या भागात, मोठे आकडे होते. म्हणून नाव पडलं मेसोनिकोट्यूथिस, मध्ये नखं असलेलं म्हाकूळ. जातीचं नाव हॅमिल्टोनाय. सोंडांच्या टोकांवरचे आकडे तर मुळाशी गोल फिरू शकत होते.

पण हातांच्या झुबक्यावरून अंग कसं असेल याचा पत्ता लागत नाही. हा काचेच्या कुळातला प्राणी आहे, आणि कुळातलाच नव्हे तर पाठीचा कणा नसलेल्या सगळ्या प्राण्यांत वजनाने सर्वांत मोठा, हे उलगडायला अर्धशतक लागलं. आणि ते बहुतांशी व्हेलच्या पोटांतूनच उलगडलं. इथे माल्कम क्लार्क परत येतो. तरुणपणी त्याने अंटार्क्टिकच्या शिकारी ताफ्यासोबत निरीक्षक म्हणून एक हंगाम काढला होता. व्हेलच्या पोटात म्हाकुळाचं मांस पचतं, पण चोच पचत नाही. पोपटासारखी काळी, कायटिनची चोच. एकेका पोटातून हजारोंनी चोची निघत. क्लार्कने चोचीवरून जात ओळखायची आणि चोचीच्या मापावरून अंगाचं वजन काढायची पद्धत बसवली. अंटार्क्टिकच्या स्पर्म व्हेलच्या पोटातल्या म्हाकूळ-चोचींपैकी मेसोनिकोट्यूथिसच्या चोची सातातली एक. पण वजनाचा हिशेब केला तर खाल्लेल्या एकूण म्हाकुळांपैकी तीन चतुर्थांशाहून जास्त वजन या एकट्या जातीचं. जिवंत कोणी पाहिलेलं नाही, आणि समुद्रातल्या सर्वांत मोठ्या दात असलेल्या प्राण्याचं मुख्य अन्न हेच!

मराठी वाचकाला यातला एक धागा रोजच्या वर्तमानपत्रात सापडेल. 'व्हेलच्या उलटीची तस्करी, दोघांना अटक' अशी बातमी कोकणातून किंवा ठाण्यातून अधूनमधून येते. ती उलटी म्हणजे अंबर. स्पर्म व्हेलच्या आतड्यात न पचलेल्या चोची टोचू नयेत म्हणून त्यांच्याभोवती जमणारा मेणचट पदार्थ तो हाच, असा समज आहे. खऱ्या अंबराचा तुकडा फोडला तर आत काळ्या चोचींचे तुकडे दिसतात. अत्तराच्या कुपीमागे आणि पोलिसांच्या पंचनाम्यामागे कुठेतरी म्हाकुळाचं तोंड असतं.

व्हेलच्या शिकारीबद्दल मी इथे तटस्थ राहू शकत नाही. जी विद्या मी आवडीने वाचतो, तिची कितीतरी पानं त्या कत्तलीच्या डेकवर लिहिली गेली. क्लार्कसारख्यांनी शिकार केली नाही. फेकलं जाणार होतं ते वाचवलं. तरी हिशेब हिशेबच असतो. एका प्राण्याबद्दलचं ज्ञान दुसऱ्या प्राण्याच्या पोटातून काढलेलं आहे.

व्हेलची शिकार थांबली आणि पोटांची वाट बंद झाली. मग दुसरी वाट उघडली. अंटार्क्टिकजवळच्या रॉस समुद्रात टूथफिश पकडायला मैलोन्‌मैल लांबीच्या गळांच्या दोऱ्या सोडतात. फेब्रुवारी २००७ मध्ये न्यूझीलंडच्या 'सॅन अस्पायरिंग' या बोटीच्या दोरीला लागलेला टूथफिश खात खात एक मेसोनिकोट्यूथिस वर आलं. जगण्याची शक्यता नव्हतीच. ते जाळ्यात घेऊन गोठवलं आणि वेलिंग्टनच्या ते पापा संग्रहालयात आणलं. वजन ४९५ किलो. २००८ च्या एप्रिलअखेरीला थंडगार मिठाच्या पाण्याच्या हौदात ते हळूहळू वितळवलं गेलं आणि जगभरच्या लोकांनी कॅमेऱ्यातून पाहिलं. बोटीवर दहा मीटरचं वाटलेलं हे जनावर मोजल्यावर ४.२ मीटर भरलं. सोंडा आक्रसल्या होत्या. अंग हौदात पसरलं होतं, लालसर, ढिलं, आपल्याच वजनाखाली दबलेलं. काचेच्या कुळातलं ते आहे हे सांगावं लागत होतं.

एक गोष्ट मात्र शिळी झाली नव्हती, डोळा. व्यास सुमारे २७ सेंटिमीटर, फुटबॉलहून मोठा. आज जिवंत असलेल्या कुठल्याही प्राण्याचा याहून मोठा डोळा मोजला गेलेला नाही. अंधारात इतका मोठा डोळा कशाला? डॅन नीलसन, एरिक वॉरंट वगैरेंनी २०१२ मध्ये मांडलेलं उत्तर मला पटतं. भक्ष्य शोधायला एवढा डोळा लागत नाही. लहान डोळ्यानेही जवळजवळ तेवढंच दिसतं. पण शंभर मीटरहून दूर असलेली प्रचंड वस्तू, आणि तिच्या धक्क्याने वाटेतले सूक्ष्म जीव चमकल्यामुळे उमटणारी अंधुक आकृती, एवढंच पाहायचं असेल तर मोठा डोळा उपयोगी. ती प्रचंड वस्तू म्हणजे स्पर्म व्हेल. ज्याच्या पोटातून आपल्याला हा प्राणी सापडला, त्याच्यासाठीच त्याने डोळा एवढा केला होता.

अंगाच्या मानाने त्याची भूक मात्र गमतीची आहे. थंड पाण्यात निपचित लटकणाऱ्या या प्राण्याचा जगण्याचा खर्च फार थोडा. रुई रोझा आणि ब्रॅड सायबेल यांनी २०१० मध्ये केलेल्या हिशेबाप्रमाणे पाचशे किलोच्या जनावराला दिवसाला सुमारे तीस ग्रॅम अन्न पुरतं. गोष्टींतल्या जहाजं बुडवणाऱ्या राक्षसाला एवढ्यात काय होणार! हा कोळ्यासारखा दबा धरून बसणारा, आकड्यांच्या टप्प्यात येईल ते धरणारा प्राणी असावा.

आणि मग २०२५ साल आलं. श्मिट ओशन इन्स्टिट्यूटचं 'फाल्कोर (टू)' हे जहाज दक्षिण समुद्रात होतं. जानेवारीत जॉर्ज सहावा या हिमफळीपासून ए-८४ नावाचा प्रचंड हिमनग तुटला आणि त्या जहाजाने बेत बदलून नुकत्याच उघड्या पडलेल्या पाण्याकडे मोर्चा वळवला. बेलिंग्सहाउझेन समुद्रात, ६८७ मीटर खोलीवर, 'सुबास्तियन' या यांत्रिक पाणबुडीच्या कॅमेऱ्यासमोर खुनचं स्फटिक-म्हाकूळ आलं. नाव मिळाल्यानंतर ११९ वर्षांनी पहिल्यांदा जिवंत, आपल्या घरात. हात डोक्यावर घडी करून ठेवलेले, काकाकुव्याच्या तुऱ्यासारखे.

९ मार्चला साउथ सँडविच बेटांजवळ त्याच जहाजाने ६०० मीटरवर आणखी एक काचेचं म्हाकूळ टिपलं. तीस सेंटिमीटरचं, म्हणजे शाळेतल्या पट्टीएवढं. ही दोन्ही कोवळ्या वयात इतकी सारखी दिसतात की खुणेशिवाय सांगता येत नाही. चित्रफीत तज्ज्ञांकडे गेली. त्यांत कॅट बोलस्टॅड होत्या, २००८ साली वेलिंग्टनच्या हौदाभोवती उभ्या असलेल्यांपैकी एक. त्यांनी हात पाहिले. हातांच्या मधल्या भागात आकडे होते. रॉब्सनने बरोबर शंभर वर्षांपूर्वी व्हेलच्या पोटातल्या तुकड्यांवर मोजले होते, तेच. मेसोनिकोट्यूथिसचं हे पिल्लू होतं.

एप्रिलमध्ये ती चित्रफीत प्रसिद्ध झाली तेव्हा मी ती कितीदा पाहिली याचा हिशेब ठेवला नाही. काळ्या पाण्यात आधी डोळे दिसतात. मग मधला चकाकता दांडा. मग जरा नजर बसल्यावर, त्यांच्याभोवती एक आकार आहे असं लक्षात येतं, आणि त्या आकाराच्या पलीकडचे पाण्यातले कण त्याच्यातून दिसत राहतात. अंगावर तांबूस ठिपके, तेही विरळ.

मोबाइल घेऊन मी मिरकरवाड्याला गेलो. मावशींनी पाटीवरचा बर्फ सारखा केला, हात पदराला पुसला आणि पाहिलं. केवढं होतं हे मोठं, म्हणून विचारलं. मी सांगितलं, पाचशे किलोपर्यंत. त्यांचा विश्वास बसला नाही. मग त्यांनी विचारलं, एवढं झाल्यावरही असंच आरपार राहतं का?

वेलिंग्टनच्या हौदातलं तर लालसर होतं. मोठं होताना ही जात काच गमावते असं दिसतं. पण नेमकं कितव्या वर्षी, किती खोलीवर, आणि हळूहळू की एकदम, हे सांगायला पूर्ण वाढलेलं जनावर त्याच्या घरी कोणी पाहिलेलं नाही. आजवर जी दिसली ती गळाला लागून वर आलेली, मरायला टेकलेली. मी मावशींना तसं सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि माझ्यासाठी पाटीतलं एक म्हाकूळ नखावर धरून पाहिलं.